बुधवारी नसलेला कागद

बाबा,

डबा सापडला. तोच, आजीचं नाव कोरलेला, ज्याच्या झाकणावरचं शेवटचं अक्षर अर्धंच राहिलंय, कारण कोरणाऱ्याला म्हणे एसटी गाठायची होती. गेली दहा वर्षं आई तो शोधतेय. आधी घरात शोधला, मग मंडळाच्या हॉलमधल्या किचनमध्ये, मग जिच्या-जिच्याकडे म्हणून ती कधी काही घेऊन गेली होती त्या प्रत्येकीकडे, आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हाताने परत येऊन तिने माझ्याकडे पाहिलं. कारण डब्याबरोबर फ्रीझरमधले पेढेही गेले होते, आणि ते कोणी खाल्ले याबद्दल तिला कधीच शंका नव्हती. "एवढे पेढे खाऊन पोट कसं दुखलं नाही गं तुझं," असं ती अजून विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही समोरच पेपर वाचत बसला होतात. माझ्यावर चोरीचा आळ आला आणि तुम्ही पान उलटलंत.

परवा शनिवारी म्हाताऱ्याने शॉप रिकामं केलं. म्हातारा म्हणजे माझा पहिला मालक, तो पोर्तुगीज इलेक्ट्रिशियन, ज्याला तुम्ही घरात "तो तुझा वायरवाला" म्हणायचात. गुडघे गेलेत त्याचे, शिडी चढवत नाही. मी मदतीला गेले होते. कपाटं, ड्रिल, वायरची रिळं, सगळं ट्रकमध्ये चढवून झाल्यावर त्याने घरून आणलेली एक पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाला, "हा तुझ्या वडलांचा. माझी बायको यात बटणं ठेवायची." आत डबा. मी तिथेच एका उलट्या बादलीवर बसले. मग त्याने जे सांगितलं ते मी शेवटी लिहिणार आहे, कारण तपासणी क्रमाने करावी, एकदम शेवटच्या ओळीवर उडी मारू नये, हे तुमचंच शिकवणं. म्हातारा इंग्रजीत बोलतो, पण मी त्याचंही मराठीतच लिहिते. दर रविवारी माझ्याकडून एक पान मराठी लिहून घेताना तुम्हाला त्यात इंग्रजी वाक्य चालत नसे, आणि तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली तरी लाल पेनची धास्ती गेलेली नाही.

तुमचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते नववीत. इथे ओंटारियोत नववीच्या मुलांना एक दिवस आईबाबांच्या कामावर जायचं असतं. मैत्रिणी काचेच्या ऑफिसांत गेल्या, फिरत्या खुर्च्यांवर बसल्या आणि पिझ्झा खाऊन आल्या. मी तुमच्याबरोबर मार्कहॅमच्या त्या लांबलचक, खिडक्या नसलेल्या फॅक्टरीत गेले. चिंचवडला तुम्ही क्वालिटीचे इंजिनिअर होतात आणि हाताखाली अकरा माणसं होती, हे मला जेवताना ऐकून ऐकून पाठ झालं होतं. इथे तुम्ही निळा कोट घालून एका टेबलापाशी उभे, वर भिंगाचा दिवा, डाव्या हाताशी हिरव्या टिकल्या आणि उजव्या हाताशी लाल. सुटे भाग येताहेत, तुम्ही बघताय, टिकली लावताय, पुढे सरकवताय. मला आधी लाज वाटली, खोटं कशाला बोलू. मग अकराच्या सुमाराला तुमचा सुपरवायझर आला, तुमच्याहून चांगला वीस वर्षांनी लहान. हातात एक खोका. म्हणाला, हे जाऊ द्या, ट्रक उभा आहे. तुम्ही खोक्यातला एक भाग उचलून दिव्याखाली धरलात आणि लाल टिकली लावलीत. तो म्हणाला, किरकोळ आहे हो. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "किरकोळ असलं तर चालेल असं कोणी लिहून दिलंय? कागद दाखवा." कागद नव्हता. ट्रक थांबला.

परत येताना गाडीत तुम्ही मला सांगितलंत की चांगलं काम ओळखायची खूण एकच: परत उघडावं लागलं का? ज्याला परत हात लावावा लागत नाही ते चांगलं, बाकी सगळ्या गप्पा. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला वाटत होतं, मला हेच करायचंय. हाताने होणारं, आणि ज्याला कोणी किरकोळ म्हणू शकणार नाही असं. तुम्हाला वाटत होतं, उभं राहून राहून बापाचे पाय कसे सुजतात ते बघून पोरगी आता नीट अभ्यासाला लागेल. तसं तुम्ही आईला सांगितलंतही, मी जिन्यात उभी राहून ऐकलं.

बारावीच्या पहिल्या सहामाहीत मी शाळेतून को-ऑप घेतलं, म्हणजे अर्धा दिवस वर्गात आणि अर्धा दिवस खऱ्या कामावर. तुम्ही सही केलीत, कारण युनिव्हर्सिटीच्या अर्जात अनुभव म्हणून ते बरं दिसेल असा तुमचा होरा होता. तिथे म्हातारा भेटला. त्याच्याकडे मी तारा ओढायला शिकले, पाइप वाकवायला शिकले, आणि तारांची टोकं पिळून त्यांवर प्लास्टिकच्या छोट्या टोप्या घट्ट बसवायला शिकले. ऑक्टोबरात माझा एक जोड सैल राहिला आणि रंगवून झालेली भिंत पुन्हा फोडावी लागली. म्हातारा ओरडला नाही. त्याने भिंत फोडली आणि तेवढा वेळ मला समोर उभं राहून बघायला लावलं. त्यानंतर मी प्रत्येक जोड तीनदा ओढून बघायला लागले, आणि त्यामुळे इतकी सावकाश झाले की तो मला "आजीबाई" म्हणायचा. सहामाही संपली तरी शनिवारी जातच राहिले. वसंतात धीर करून त्याला विचारलं, बारावीनंतर मला अप्रेंटिस म्हणून घ्याल का? त्यासाठी मालकाला करारावर सही करावी लागते, तो कागद सरकारदरबारी नोंदवावा लागतो, आणि मग पाचेक वर्षं त्याच्या हाताखाली. म्हातारा म्हणाला, "उन्हाळ्यानंतर बघू. सध्या काम मंद आहे." ना हो, ना नाही.

शाळेत गायडन्सच्या बाईंनी सगळ्यांना तीन रंगांची तीन पत्रकं दिली होती: निळं युनिव्हर्सिटीचं, पिवळं अप्रेंटिसशिपचं आणि हिरवं थेट नोकरीला लागणाऱ्यांचं. मी तिन्ही फ्रिजवर लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त निळं होतं, आणि बाकीची दोन रिसायकलच्या निळ्या डब्यात नीट घडी घालून ठेवलेली. ती मी काढून परत लावली. असं आपलं चार दिवस चाललं, एकमेकांना एक अक्षरही न बोलता. आई दूध काढायला फ्रिज उघडायची तेव्हा दोघांकडे बघून उसासा सोडायची.

ते वर्षही चमत्कारिक होतं. ओंटारियोने तेरावी बंद केली, त्यामुळे बारावीची आणि तेरावीची मुलं एकदमच शाळेबाहेर पडली आणि एकेका जागेला दुप्पट मुलं झाली. तशात मला वॉटर्लू युनिव्हर्सिटीकडून इंजिनिअरिंगची ऑफर आली. ते पत्र तुम्ही बूटही न काढता दारात उभ्याने तीनदा वाचलंत. मग आईला म्हणालात, "पेढे कर." तिने मिल्क पावडर आणि कंडेन्स्ड मिल्क मायक्रोवेव्हमध्ये फिरवून पेढे केले, त्यांवर अंगठ्याने दाबून केशराची काडी बसवली, आणि शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमात तुम्ही स्वतः ताट घेऊन रांगेरांगेतून फिरलात. मला कोणी विचारलं नाही. ऑफर म्हणजे नुसतं बोलावणं. ती स्वीकारायला जूनमधल्या एका शुक्रवारपर्यंत मुदत होती आणि मी अजून हो म्हटलं नव्हतं. जे कागदावर नाही ते झालंच नाही म्हणणाऱ्या माणसाने कागदाशिवाय पेढे वाटले. आणि आपल्यात पेढा तोंडात पडला की गोष्ट झालीच. साठ माणसांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, एका काकूंनी तर वॉटर्लूला त्यांच्या भाच्याकडे रविवारी जेवायला जायचं असंही ठरवून टाकलं. उरलेले पेढे आईने आजीच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवले.

मी बोलले ती मुदतीच्या आधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी, जेवताना. आमटी होती, कोकम घातलेली. मी इंग्रजीत म्हटलं की मला वॉटर्लूला जायचं नाही. तुम्ही म्हणालात, "मराठीत सांग." मराठीत सांगायला जास्त जड गेलं.

"मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय, बाबा. अप्रेंटिसशिप करायचीय."

"आधी डिग्री घे. मग हव्या तेवढ्या तारा ओढ."

"डिग्री घेतल्यावर कोणी तारा ओढत नाही."

"अगं, मग एक वर्ष माझ्या बँकेत लाग ना," आई मध्ये पडली. "टेलर म्हणून घेतात बारावीनंतर. वर्षभर जॉब कर, विचार कर. काय घाई आहे?"

"एक वर्ष थांबली की ती थांबलीच," तुम्ही म्हणालात. "पुढच्या वर्षी ही सीट कोण ठेवणार आहे हिच्यासाठी? आणि एवढ्या लांब हिला आणली ती लोकांच्या भिंतींत भोकं पाडायला?"

"मी नीट पाडते भोकं."

"चेष्टा नकोय मला. इथली डिग्री नसेल तर या देशात तुला कोणी विचारणार नाही."

तेव्हा मी ते बोलले. "तुमच्याकडे आहे ना डिग्री? तुम्हाला कोणी विचारलं?"

तुम्ही भात संपवलात, ताट धुतलंत, पुसून जागेवर ठेवलंत आणि बाहेर जाऊन गवत कापायला घेतलंत, जे दोनच दिवसांपूर्वी कापलं होतं. आई मला म्हणाली, "शोभलं का तुला?" शोभलं नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं. पण माफी मागितली तर वॉटर्लूला जावं लागेल असं वाटलं, म्हणून मागितली नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे अठराव्या वर्षी कळत नाही. माझी माफी इथे लिहिते, उशिरा का होईना.

पुढचे पाच दिवस तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोललात. तिला सांग दिवा बंद कर. तिला सांग बर्फाचे टायर गराजमधून हलवायचेत. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी शॉपवर जाऊन म्हाताऱ्याला परत विचारलं. तो म्हणाला, उन्हाळ्यानंतर म्हटलं ना. मी सांगितलं, माझी शुक्रवारी मुदत संपते. तो म्हणाला, मग कॉलेजला जा पोरी, त्यात वाईट काय आहे? घरी येताना बसमध्ये मला रडू आलं आणि मी एक स्टॉप पुढे गेले.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललात. किचनच्या टेबलापाशी, हात मागे बांधून.

"शुक्रवारी मुदत आहे. त्या माणसाने करारावर सही केलीय का?"

"हो."

"कधी?"

"आज."

"कागद दाखव."

"शॉपमध्ये आहे. सोमवारी आणते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, दिव्याखाली धरलेल्या त्या सुट्या भागाकडे बघायचात तसं. मी नजर हलवली नाही. कसं जमलं ते मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही "बरं" म्हणालात आणि वर गेलात. मला वाटलं, पचलं.

शुक्रवारी मी शाळेतून आले तर तुमची गाडी दारात. तुम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकली होतीत. तुम्ही रजा कधी टाकत नव्हतात, आजी गेली तेव्हा सोडून. किचनच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर ते अर्जाचं पान उघडलेलं होतं. पासवर्ड तुमच्या डायरीत, कारण अर्ज तुम्हीच भरला होतात, घरातला प्रत्येक फॉर्म भरता तसा. पानावर दोन बटणं. स्वीकारा आणि नाकारा. तुमचा हात माउसवर. मी फ्रिजला टेकून उभी राहिले, त्या तीन पत्रकांना पाठ लावून. मायक्रोवेव्हच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती आणि मुदत साडेचारची. आई बँकेत. घरात फ्रिजची घरघर तेवढी. सव्वाचार. तुम्ही चष्मा काढून पुसलात, परत लावलात. चार वीस. माउस थोडा हलला आणि पडद्यावरचा बाण स्वीकारावर जाऊन थांबला. तिथेच राहिला. चार सत्तावीस. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत, पण मी तिथे आहे हे तुम्हाला माहीत होतं. चार तीस झाले. मग एकतीस. तुम्ही कॉम्प्युटर बंद केलात, डायरी मिटलीत आणि म्हणालात, "चहा ठेव."

मी चहा ठेवला. आलं किसताना बोट खरचटलं. तुम्ही चहा पूर्ण प्यालात आणि कप विसळताना म्हणालात, "सोमवारी कागद आण." मला वाटलं, तुम्ही माझ्यावर पाणी सोडलंत. रागाने, की थकून, ते कळलं नाही.

शनिवारी म्हाताऱ्याने मला कामावर बोलावलं नाही. शनिवार-रविवार कसे गेले ते लिहीत नाही. माझ्याकडे वॉटर्लू नव्हतं, करार नव्हता, आणि आईच्या बँकेतही जायचं म्हणजे आधी खोटं कबूल करावं लागणार होतं. सोमवारी शॉपवर गेले ती काय वाट्टेल ते करून पाय धरायचे या तयारीने. आत गेले तर म्हाताऱ्याने ड्रॉवरमधून फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. त्याची सही झालेली. "सही कर, माझं मन बदलायच्या आत." मी सही केली. मग लाज सोडून विचारलं, यावर बुधवारची तारीख घालता येईल का? तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "आज सोमवार आहे."

तो कागद मी तुमच्यासमोर टेबलावर ठेवला. तुम्ही तो पुढून वाचलात, मागून वाचलात, बारीक अक्षरातलंही सोडलं नाहीत. मग तुमचा अंगठा तारखेवर जाऊन थांबला. माझे कान तापले. दुधाच्या पिशवीवरचीही तारीख दोनदा बघणारा माणूस. तुम्ही अंगठा उचललात, म्हणालात, "ठीक आहे," आणि कागद एका नव्या फाईलमध्ये लावून तिला माझ्या नावाचं लेबल चिकटवलंत. मी सुटले. त्याहून वाईट सांगू? मला तुमची थोडी कीव आली. मनात म्हटलं, बाबा म्हातारे झाले, तारीख नजरेतून निसटली. त्याच आठवड्यात डबा आणि पेढे नाहीसे झाल्याचं आईच्या लक्षात आलं आणि चोर म्हणून मी ठरले.

त्यानंतर आपल्यात भांडण असं झालं नाही, पण ते सोमवारचं "ठीक आहे" तसंच राहिलं, त्याच्या पुढे-मागे काही नाही. ऑगस्टमध्ये एका दुपारी सगळ्या ओंटारियोची वीज गेली तेव्हा सगळी गल्ली बाहेर आली, फ्रीझरमधलं वितळायच्या आत बार्बेक्यूवर भाजायला. शेजारचे चिनी काका तुम्हाला म्हणाले, "तुमची मुलगी इलेक्ट्रिशियन ना? कधी येणार वीज?" मी कणसं सोलत होते, ती तशीच धरून राहिले. तुम्ही म्हणालात, "अप्रेंटिस आहे. पहिल्याच वर्षाला. पण विचारून बघा तिलाच." काका खरंच विचारायला आले. मी काय सांगणार, कप्पाळ? पण त्या संध्याकाळी मी चार जणांना आपापल्या घरातले ब्रेकर बंद करून ठेवायला लावले आणि तुम्ही लांबून बघत होतात.

मग तुमचं आजारपण. मी तिसऱ्या वर्षाला होते आणि तुम्हाला हॉस्पिटलमध्ये कामाच्या व्हॅनमधून न्यायची, वर शिडी बांधलेली. तुम्ही गाडीत बसायच्या आधी प्रत्येक वेळी शिडीची दोरी ओढून बघायचात, हाताला सलाइनची पट्टी असतानाही. एकदा सिग्नलला थांबलो होतो. तुम्ही समोर बघत विचारलंत, "हल्ली परत उघडावं लागतं का?" मी म्हटलं, "नाही." तुम्ही मान हलवलीत. मला सांगायचं होतं तेव्हा. तोंडाशी आलं होतं की बाबा, त्या बुधवारी मी खोटं बोलले. पण सिग्नल हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न दिला. लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही नव्हतात.

आता म्हाताऱ्याने सांगितलं ते.

गुरुवारी दुपारी, म्हणजे मी खोटं बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही त्याच्या शॉपवर गेलात. टाय लावून. म्हणजे गुरुवारीही तुम्ही रजा टाकली होतीत. डबा टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "माझ्या मुलीचा करार बघायला आलोय." तो म्हणाला, कसला करार? मी तिला उन्हाळ्यानंतर बघू म्हटलंय. म्हातारा म्हणतो, तुम्ही मग टायची गाठ अशी आवळलीत की त्याला वाटलं, आता हा माणूस घरी जाऊन पोरीची सालटी काढणार. मग तुम्ही विचारलंत, "तिने केलेलं काम परत उघडावं लागलं का?"

"एकदा. ऑक्टोबरात."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही. सावकाश करते, पण परत जावं लागत नाही."

"नोंद आहे?"

त्याने कामांची वही काढून दिली. तुम्ही ती पहिल्या पानापासून बघितलीत, बोट फिरवत, ऑक्टोबरपासून त्या आठवड्यापर्यंत. म्हाताऱ्याचा जेवायचा वेळ टळून गेला. मग वही मिटून तुम्ही म्हणालात, "मग कागद का नाही?"

त्याने शब्द दिला नाही. विचार करतो म्हणाला. तुम्हीही शब्द मागितला नाहीत, फक्त एवढंच सांगितलंत की मी येऊन गेलो हे तिला कळू देऊ नका, आणि पेढे ठेवून निघालात. रविवारी चर्चमधून येताना म्हणे त्याचं ठरलं. "शॉप होतं तोवर मी तुझ्या वडलांचं ऐकलं," तो म्हणाला. "आता शॉप नाही." पेढे त्याच्या बायकोला फार आवडले होते.

म्हणजे गुरुवारी दुपारीच तुम्हाला कळलं होतं, बाबा. शुक्रवारी माउसवर हात ठेवून बसलात तेव्हा कागद नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, मी तोंडावर खोटं बोलले हे ठाऊक होतं, म्हातारा सही करेलच असं नाही हेही ठाऊक होतं. एक बटण दाबायचं होतं आणि तुमचं सगळं म्हणणं खरं ठरलं असतं. आणि तुम्ही साडेचार वाजू दिलेत. पेढ्यांनंतर तुम्ही कागदाशिवाय केलेली ती दुसरी गोष्ट. मला बादलीवर बसल्या बसल्या आधी तुमचा रागच आला. पुढची तीन वर्षं मी तुम्हाला फसवलंय असं समजून तुमच्याशी जपून वागत होते, आणि तुम्ही मला तसं समजू दिलंत. एकदा तरी बोलायचं होतं. मग म्हाताऱ्यासमोरच रडले, आणि तो बिचारा फडकं शोधायला लागला, पण फडकी सगळी ट्रकमध्ये गेली होती.

डबा आईला दिला. कुठे होता म्हणाली, तर बेसमेंटमध्ये म्हटलं. तिने झाकण उघडून वास घेतला, दहा वर्षांनी. "आणि पेढे?" मी म्हटलं, "मीच खाल्ले होते." ती म्हणाली, "मला माहितीच होतं." तिला खरं सांगेन, पण तुमची गोष्ट आहे, काही दिवस माझ्याजवळ राहू दे. हे पत्र तुम्ही लेबल लावलेल्या त्या फाईलमध्ये करारामागे लावून ठेवते.

आणि एक राहिलं. शुक्रवारी मी फ्रिजला टेकून उभी होते, ते तुम्ही बटण दाबाल या भीतीने, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. म्हातारा नाही म्हणणार अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती आणि मी मरणाची घाबरले होते. तुम्ही दाबलं असतंत तर मी मुकाट्याने वॉटर्लूला गेले असते, आणि बाबांनी मला माझ्या मनासारखं करू दिलं नाही असं जन्मभर सगळ्यांना सांगत फिरले असते. बाण स्वीकारावर थांबला होता ना, ती दहा मिनिटं मी तुमच्या पाठीकडे बघत मनात एवढंच म्हणत होते: दाबा, बाबा. दाबा.